धोतरावरचा बायस्कोप

घरात माता आली की आमच्याकडे फोडणी बंद, पाहुणे बंद, मोठ्यानं हसणंसुद्धा बंद. सात वर्षांच्या धाकट्या बहिणीला देवी निघाल्या, दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला आणि माझे दोघे भाऊ घरात कोंडले गेले. एक सोळाचा, एक चौदाचा. तळ्यावर जायचं नाही, कामठ्याच्या बाजारात जायचं नाही. सगळा ताप मला! मी पंधराची. दर घटकेला यांना काहीतरी खायला हवं.

"बसून बसून डोस्क्याले मुंग्या आल्या," म्हणत थोरल्यानं पिक्चर काढायचं ठरवलं. गोंदियाला एकदाच बायस्कोप पाहिला होता, पण ऐट केवढी! मागच्या दारात काकाचं पांढरं धोतर ताणून बांधलं. दुपारच्या उन्हात बाहेर हे दोघे नाचायचे आणि आत अंधाऱ्या खोलीत धोतरावर त्यांच्या सावल्या दिसायच्या. खर्च शून्य. गोष्ट काय, तर धानात शिरलेली म्हैस आणि तिच्यामागे धावता धावता कासोटा सुटलेला काका. धाकटा घोंगडं पांघरून म्हैस झाला. शिंगं म्हणून डोक्याला दोन विळे!

"अरे मेल्या, डोळा फुटंल!" मी ओरडले.

"काऊन बोंबलून राहिली? बायस्कोपात कोणी बोलत नाही," थोरला म्हणाला. घरात आवाज चालत नव्हताच, त्यामुळे त्याचं फावलं.

इकडे बहिणीची भुणभुण सुरू. ती पलीकडच्या खोलीत पडून, तिथून तिला नुसती खुसखुस ऐकू यायची. "बाई, मले उचलून ने ना. मले पाहाचं हाये." मोठी म्हणून ती मला बाई म्हणायची. तिला उजेडात आणायचं नाही, माता कोपते, असं आईनं बजावलं होतं. पण आई तेव्हा विहिरीवर होती. नेलं असतं तर कोणाला कळणार होतं? दिवसभर तिच्या अंगावरून पाला फिरवून मी इतकी कावले होते की म्हणाले, "चूप पड. बरी झाली का रोज पाह्यजो."

आणि मी स्वतः जाऊन शेवटपर्यंत पाहिलं. तोंडात पदर कोंबून हसले.

पुढे तिचे डोळे सुजून पार चिकटले. माता उतरली त्या दिवशी आईनं कडुनिंबाच्या पाण्यानं तिला न्हाऊ घातलं, खपल्या धुतल्या, तेव्हा ते उघडले. बुबुळांवर पांढरट साय होती. "साय जाईन हळूहळू," आई म्हणाली. घरात पहिली फोडणी पडली.

"आता दाखवा," बहिणीनं हट्ट धरला. भावांनी धोतर बांधलं. मी तिला अगदी पुढे बसवलं. ऊन चांगलं कडक होतं. शिंगं हलवत म्हैस आली, काका धावला, कासोटा सुटला. मला हसू आवरेना.

बहीण धोतराकडे तोंड करून शहाण्यासारखी बसली होती. मग तिनं माझा पदर ओढला.

"बाई, हे सुरू काऊन नाही करून राहिले?"