शिडीवरचा चष्मा

वायरमनकाकांचं निम्मं आयुष्य छताकडे बघण्यात गेलं. पंखे, ट्यूबलाइट, झुंबरं, सगळं डोक्याच्या वर. पन्नाशी आली तशी जवळची बारीक अक्षरं पुसट झाली आणि दुहेरी चष्मा लागला. पण जवळचं बघायची काच खाली आणि काकांचं काम वर. मान मागे टाकून टाकून अवघडायची. शेवटी ते शिडीवर चढले की चष्मा उलटा करून नाकावर ठेवायला लागले. गिऱ्हाइकं हसायची, काकाही हसायचे. एकदा तो चष्मा वरून थेट गिऱ्हाइकाच्या चहात पडला, तेव्हा काकूंनी त्यांना धरून डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे नेलं.

काकांना चष्माच नको होता, ऑपरेशन हवं होतं. बाईंनी दोन मार्ग सांगितले. लेझरने एक डोळा लांबचं आणि दुसरा जवळचं बघेल असा करता येतो. नाहीतर डोळ्यातलं भिंग काढून दोन्ही अंतरांचं कृत्रिम भिंग बसवायचं. त्यात रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. काकांना लेझर पटलं. बाई म्हणाल्या, आधी तशाच कॉन्टॅक्ट लेन्स लावून बघा, जमतंय का ते कळेल.

लेन्स लावल्या आणि काका हरखले. स्विचमागचे स्क्रू लख्ख दिसायला लागले. मग एका दुपारी शिडीवरून उतरताना जमीन आली असं समजून त्यांनी पाय टाकला. खाली अजून एक पायरी होती. घोटा मुरगळला. घरी ते काही बोलले नाहीत, पण लंगडणं काकूंच्या नजरेतून सुटतंय कुठे?

काकूंनी परत नेल्यावर बाईंनी सगळं ऐकून घेतलं. दोन डोळ्यांत असा फरक केला की अंतराचा अंदाज नीट येत नाही, बऱ्याच जणांना सवय होते, असं त्यांनी सांगितलं. "पण शिडीवर चढणाऱ्याला मी हे करणार नाही."

"मग दुसरं भिंग?"

"तुमचं स्वतःचं अजून स्वच्छ आहे. एकदा काढलं की परत बसवता येत नाही. मोतीबिंदू झाला तर तेव्हा बघू."

काकांचं तोंड उतरलं. वाटेत काकू म्हणाल्या, "अहो, चष्मा घालवायचाय की हातपाय मोडून घ्यायचेत?"

बाईंनी वरच्या बाजूलाही जवळची काच असलेला चष्मा लिहून दिला होता. दिसायला विचित्र, पण मान सुटली.

साठीनंतर मोतीबिंदू झालाच. तोवर शिडी मुलीने हाती घेतली होती आणि काका टेबलाशी बसून बोर्ड जुळवायचे. त्यांनी दोन्ही अंतरांचं भिंग बसवून घेतलं. कडी दिसली, म्हणून रात्री स्कूटर चालवणं सोडलं. त्याची हळहळ वाटते, असं ते कबूल करतात.

परवा मुलीने जोडलेला बोर्ड त्यांनी चष्म्याशिवाय तपासला आणि परत तिच्यापुढे सरकवला.

"ही तार सैल आहे."

"बाबा, आता तुमच्यापासून काहीच लपत नाही."

"लपवतेस कशाला? आवळ."