आठव्या दिवसाचा चढाव

नवाब शेख यांनी एकतीस वर्षं राजुऱ्यात लोकांना मोटार चालवायला शिकवलं. खाणीतले कामगार, शाळामास्तर, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यात नव्यानं लागलेले इंजिनियर, एकदा तर सत्तरी गाठलेले एक निवृत्त तलाठी, सगळे त्यांच्या हाताखालून गेले. त्यांची रीत ठरलेली होती. पहिले दोन दिवस एक्सिलेटरला पाय लावायचा नाही. ड्रायव्हिंग स्कूलची गाडी गावाबाहेरच्या सपाट मैदानात न्यायची, पहिला गिअर टाकायचा आणि क्लच नुसता मुंगीच्या पावलानं वर येऊ द्यायचा. इंजिनाचा आवाज जड झाला, बोनेट किंचित उचलल्यासारखं वाटलं, की नवाबभाई हात वर करत.

"बस, तिथीच थांब. पाय हालवू नोको. हा हाफ क्लच. आता गाडी आपोआप सरकते का नाई पाह्य."

शिकणारा घाबरून पाय सोडून देई. गाडी गचका खाऊन बंद पडे. नवाबभाईंच्या कपाळावर आठी म्हणून येत नसे. "पडू दे बंद. पुन्हा चालू कर. आपल्याले कुठी रेल्वे पकडाची आहे?" असं म्हणून ते खिशातली सुपारी तोंडात टाकत. चढावर मात्र आठव्या दिवसाआधी ते कोणाला नेत नसत. चढावर गाडी मागं जाते, माणूस एकदा हबकला की त्याच्या पायातली भीती लवकर निघत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

इतक्या सबुरीच्या माणसानं आपल्या बायकोशी मात्र वेगळंच केलं.

२००९ साली त्यांनी एक जुनी व्हॅन घेतली. सुलताना तेव्हा अडतीस वर्षांची होती. घरी शिलाई मशीन होतं, मोहल्ल्यातल्या बायकांचे ब्लाऊज, सलवार-कमीज ती शिवायची. व्हॅन अंगणात उभी राहिली त्याच आठवड्यात तिनं विचारलं, "जिशानचे अब्बा, साऱ्या गावाले शिकवता, मले नाई शिकवत?"

नवाबभाईंना मनातून बरंच वाटलं. दोन शुक्रवार ते तिला मैदानात घेऊन गेले. गाडी चार वेळा बंद पडली, पाचव्यांदा सरकली. सुलताना लहान मुलीसारखी हसली. तिसऱ्या शुक्रवारी मैदानातून परत येताना रस्त्यालगतच्या चहाच्या टपरीवर टायरवाला भैयाजी आणि आणखी दोघं-तिघं ओळखीचे बसले होते. भैयाजी ओरडला, "अरे वा, नवाबभाई! आज भाभी ड्रायव्हर का?"

मैदानातून डांबरी रस्त्यावर चढायला एक उभा चढ होता. तिथं नवाबभाईंनी स्वतः स्टिअरिंग घ्यायला हवं होतं. पण चार माणसं बघत होती. त्यांच्या बायकोनं एका झटक्यात गाडी वर काढलेली त्यांना दाखवायची होती. "चल, घे वर," ते म्हणाले. हँडब्रेक कसा धरायचा, क्लच कुठवर आणून मग ब्रेक सोडायचा, यातलं काही त्यांनी तिला सांगितलं नव्हतं. ते सगळं आठव्या दिवसाचं होतं.

गाडी बंद पडली आणि मागं सुटली. स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी वेगळा क्लच आणि ब्रेक असतो, व्हॅनमध्ये नव्हता. त्यांनी हँडब्रेक ओढेपर्यंत मागचा बंपर टपरीच्या बाकाला जाऊन भिडला. माणसं उठून बाजूला झाली. कोणाला लागलं नाही. भैयाजी हसला, बाकीचेही हसले.

"हे तुह्या बसची बात नाई!" नवाबभाई सगळ्यांसमोर ओरडले. "पायात अक्कलच नाई तुह्या. उतर खाली!"

सुलताना उतरली. ओढणी सारखी करून मागच्या सीटवर जाऊन बसली. घरी आल्यावर तिनं भाकरी टाकल्या, वाढलं. गाडीचं नाव तिनं परत कधी काढलं नाही. एक-दोनदा नवाबभाईंनीच विषय काढला. "राहू द्या," ती म्हणाली. त्यांनीही राहू दिलं. खरं म्हणजे त्यांना सुटल्यासारखं झालं.

पुढं २०१५च्या उन्हाळ्यात गोंडपिपरीहून सुलतानाच्या धाकट्या बहिणीचा, नाहीदचा फोन आला. अम्मी बोलेनाशी झाली होती. नवाबभाई त्या दिवशी पोरांना लायसनच्या टेस्टसाठी चंद्रपूरला घेऊन गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. व्हॅन अंगणात उभी होती, चावी खिडकीत होती. मुलगा जिशान शिकायला बाहेरगावी होता, शेजारीपाजारी चालवणारं कोणी घरी नव्हतं. सुलताना पायी स्टँडवर गेली, बसनं बल्लारपूरला पोचली, तिथं गोंडपिपरीच्या बसची वाट पाहत दोन तास बसली. ती पोचली तेव्हा अम्मीला जाऊन पाऊण तास झाला होता.

नवाबभाई संध्याकाळी धावतपळत गोंडपिपरीला पोचले. सुलताना बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, फक्त पाहिलं. ती नजर त्यांना पुढं कित्येक दिवस गाडी शिकवताना मधेच आठवायची.

मग तीन वर्षांपूर्वी त्यांच्या डाव्या पायाला बूट लागला. साखर होतीच. जखम छोटी आहे म्हणून त्यांनी दुर्लक्ष केलं, आणि शेवटी नागपूरला नेऊन पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कृत्रिम पाय बसला, काठी घेऊन चालता येऊ लागलं. एकदा कोणी नसताना ते व्हॅनमध्ये जाऊन बसले आणि क्लच दाबून पाहिला. पेडल दाबलं जात होतं, पण क्लच कुठं पकडतो ते काही केल्या कळेना. गाडी गचका खाऊन बंद पडली. त्यांनी चावी काढून परत खिडकीत ठेवली.

कृत्रिम पाय घासून झालेल्या जखमेचं ड्रेसिंग करायला सत्यशीला मेश्राम यायची. सरकारी दवाखान्यात नर्स होती, आणि सहा वर्षांपूर्वी नवाबभाईंकडंच गाडी शिकलेली. एक दिवस पट्टी बांधता बांधता ती म्हणाली, "भाऊ, तुमाले तपासाले दर महिन्याले चंद्रपूरले न्या लागते. दर वेळी भाड्याची गाडी काऊन? भाभी, तुमी शिका ना."

सुलताना मशीनवर होती. तिचा पाय थांबला. "आता? पन्नाशी झाली माही."

"मंग काय झालं? मी शिकवतो तुमाले. मले या भाऊनंच शिकवलं."

सुलतानानं नवऱ्याकडं न बघताच सांगितलं, "शिकतो."

रविवारी सकाळी ते मैदानात जाऊ लागले. सत्यशीला शेजारी, नवाबभाई मागच्या सीटवर काठी धरून. सत्यशीला नवाबभाईंचेच शब्द बोलत होती. "बस, तिथीच थांबा भाभी. पाय हालवू नोका." आणि सुलतानाचा पाय खरोखर तिथंच थांबत होता. तीस वर्षं मशीनचं पायडल चालवलेला तो पाय. कापड जाड आलं की हलकं दाबायचं, शिवण संपत आली की सोडत आणायचं, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. दुसऱ्याच रविवारी गाडी गचका न देता निघाली. नवाबभाई मागून बघत होते. एकतीस वर्षांत इतका तयार पाय त्यांच्याकडं क्वचितच आला होता. आणि तो रोज त्यांच्याच घरात चालत होता.

आठव्या रविवारी सत्यशीला म्हणाली, "आज चढाव." तिनं हँडब्रेक समजावला आणि मागून कोणी येत नाही ना ते बघायला खाली उतरली. चढ तोच होता. टपरी आता नव्हती.

गाडीत दोघंच होते. नवाबभाई म्हणाले, "सुलताना, एक गोष्ट सांगाची होती. त्या वेळी चूक तुही नव्हती. साऱ्याइले मी आठव्या दिवशी चढाव देतो. तुले तिसऱ्याच दिवशी घातलं. लोकायले दाखवाले."

सुलतानानं आरशातून त्यांच्याकडं पाहिलं. "मले माहीत आहे."

"तुले? कोणं सांगतलं?"

"तुमीच. रोज घरी येऊन सांगाचे ना, आज मास्तरचा आठवा दिवस, आज त्याले चढावर नेलं. वर्षानुवर्षं ऐकून राह्यली मी."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी बोलान म्हणून थांबली होती. अम्मीच्या दिवशी बल्लारपूरच्या स्टँडवर बसली होती, तवा वाटलं, आज तुमी आल्यावर नक्की बोलान. तवाबी तुमी नाई बोलले."

खालून सत्यशीलानं हात केला. सुलतानानं क्लच हळूहळू वर आणला, इंजिनाचा आवाज जड झाला, तिनं हँडब्रेक सोडला. गाडी एक बोटभरही मागं न जाता रस्त्यावर चढली. सत्यशीलानं टाळ्या वाजवल्या. नवाबभाईंनी चष्मा काढून पुसला.

त्या आठवड्यात ते काठी टेकत भैयाजीच्या दुकानात गेले. त्या दिवसाची सगळी हकीकत त्यांनी सांगितली. माझी चूक होती, तिला उगीच तुमच्यासमोर बोललो, असं स्पष्ट सांगितलं. भैयाजी टायरमध्ये हवा भरत ऐकत राहिला. मग म्हणाला, "कोणता दिवस, नवाबभाई? मले तर काईच याद नाई."

सुलतानाला लायसन मिळालं. नवाबभाईंना तपासायला तीच नेते. त्यांची काठी मागं ठेवते, दार लावून घेते, गाडी अलगद काढते. ते शेजारी बसून समोर बघत राहतात. सांगण्यासारखं काही उरलेलंच नसतं.

मागच्या महिन्यात ती एकटी नाहीदकडं गेली, दोन दिवस राहायला. पोचल्यावर तिनं फोन केला.

"पोचली."

"रस्ता कसा होता?" नवाबभाईंनी विचारलं.

"चांगला होता."

त्यांना आणखी बोलायचं होतं. पण पलीकडं नाहीदची आणि तिची बोलणी सुरू झाली होती. थोडा वेळ ते दोघी बहिणींचं हसणं ऐकत राहिले. मग फोन बंद झाला.