चौथं पिवळं कार्ड

मी एका व्यावसायिक फुटबॉल संघाची मॅनेजर आहे असं सांगितलं की लोकांना वाटतं, मी मैदानाच्या कडेला उभी राहून ओरडते. ओरडायला आमच्याकडे कोच आहेत. परदेशात म्हणे मॅनेजर म्हणजे सर्वेसर्वा असतो. आमच्याकडे मॅनेजर म्हणजे फुटबॉल सोडून बाकी सगळं. बस, हॉटेल, डॉक्टर, खेळाडूंची नोंदणी, मोज्यांच्या जोड्या, मणिपूरच्या गोलकीपरला चिकट भात आणि केरळच्या दोघांना जाडा भात. कोच अकरा जण निवडतात. ते अकराच्या अकरा वेळेवर, शुद्धीत आणि एकाच रंगाच्या शर्टात मैदानावर उभे करणं माझं काम.

त्याआधी मी बावीस वर्षं एका कारखान्याच्या टाइम ऑफिसमध्ये शिफ्टा लावत होते. कारखाना गुजरातला गेला, मी गेले नाही. संघाचे मालक बिल्डर. मुलाखतीत त्यांनी विचारलं, "फुटबॉल कळतो का तुम्हाला?"

"नाही," मी म्हटलं. "पण गणपतीच्या दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला तीनशे माणसं गेटवर आणून दाखवली आहेत."

नोकरी मिळाली. नारायण पेठेतून वाघोलीला रोज दुचाकीवर. नवऱ्याने एवढंच विचारलं, "परत येणार का रोज, की तिकडेच फ्लॅट बघू?"

ही गोष्ट माझ्या दुसऱ्या मोसमातली. तीन सामने उरले होते आणि आम्ही लीगमधून खाली घसरायच्या बेतात होतो. घसरलो तर संघ बंद, हे मालकांनी स्वच्छ सांगितलं होतं. टिकलो तर सगळ्यांचे करार पुढे चालू. त्यामुळे सगळेच काळजीत होते, पण माझ्या टेबलावर काळजी आली ती कॅप्टनची.

कॅप्टन नागपूरचा. बचावफळीत मधोमध खेळतो. वय चौतीस, म्हणजे फुटबॉलच्या हिशेबात आजोबा. दुसरा संघ त्याला घेण्याची शक्यता नव्हती, हे त्यालाही माहीत होतं. वर्षभरापूर्वी त्याने बायकोला आणि मुलीला वाघोलीत आणलं होतं. मुलीचा पहिलीचा प्रवेश ठरला होता, फक्त शाळेला वडिलांच्या नोकरीचं पत्र हवं होतं: पुढच्या वर्षीही हे इथेच नोकरीला आहेत असं.

"मॅडम, देता का लिहून?" तो दारात उभा राहून म्हणाला. तो कधी आत येऊन बसत नाही.

"पुढच्या वर्षाचं मी आत्ता कसं लिहू? आधी संघ टिकू दे."

"बरोबर आहे मॅडम," तो म्हणाला आणि जाताना दार हळूच लावून घेतलं. शाळेने महिनाअखेरपर्यंत मुदत दिली होती. पत्राचा मसुदा मी टाइप करून ड्रॉवरमध्ये ठेवला. सहीपुरता.

आता घोळ असा होता. आमच्या लीगमध्ये चार पिवळी कार्डं झाली की पुढचा एक सामना बाहेर बसावं लागतं. कॅप्टनची तीन झाली होती. आणि आमचा शेवटचा सामना होता तो आमच्याबरोबरच घसरणीला लागलेल्या संघाशी. त्यांच्याकडे एक उंच फॉरवर्ड होता. त्यांच्याशी झालेल्या आधीच्या सामन्यात कॅप्टन आजारी असताना त्या उंटाने आम्हाला डोक्याने तीन गोल मारले होते. म्हणजे शेवटच्या सामन्याला कॅप्टन हवाच.

मी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवून कोचना हे सांगितलं. कारखान्यात हजेरीचा असायचा तसाच तक्ता आहे, हजेरीच्या जागी कार्डं. कोच कोल्हापूरचे. तिथल्या पेठांच्या सामन्यांत वाढलेले, आवाज त्याच मापाचा.

"लई सोप्पं हाय मॅडम," ते म्हणाले. "ह्या सामन्यात त्यानं चौथं कार्ड घ्यायचं. पुढला सामना तळातल्या टीमशी, तितं बाहेर बसायचं. शेवटाला कोरा करकरीत!"

"मुद्दाम कार्ड घेणं नियमात बसतं का?"

"मुद्दाम हाय हे सांगतंय कोन?"

सहायक कोच होते, फिजिओ होता, मी होते. दोन तास बैठक झाली. कार्ड कसं घ्यायचं यावर. फार जोराचा फाउल नको, लाल मिळेल. शिवी नको, दंड होईल. वेळ काढावा, चेंडू लांब मारावा, रेफरीशी वाद घालावा. मीही मान डोलावली. आमच्या बैठकीत चहा दोनदा आला, शहाणपण एकदाही नाही.

कॅप्टनला बोलावलं. तो ऐकून म्हणाला, "मुद्दामून? सर, पण ते बरं दिसते का?"

"बरं दिसाया काय लग्नाला चाललाईस?"

मग सरावात याची तालीम झाली. सहायक कोच रेफरी झाले. कॅप्टनने त्यांच्याशी भांडायचं होतं. तो जवळ गेला, हात मागे बांधले आणि म्हणाला, "सर, माफ करा, पण मला वाटते का तुमचा निर्णय थोडासा चुकला." सगळा संघ गवतावर लोळून हसला. कोच डोक्याला हात लावून बसले.

सामन्याच्या दिवशी विसाव्या मिनिटाला त्याने सुरुवात केली. फ्री किकसाठी चेंडू ठेवला, मागे गेला, पुन्हा येऊन चेंडू चार बोटं सरकवला, पुन्हा मागे गेला. रेफरी धावत आले. आम्ही सगळे बाकावर पुढे सरकलो. "पैर में कुछ हुआ क्या, कॅप्टन?" त्यांनी काळजीने विचारलं आणि फिजिओला आत बोलावलं.

चाळिसाव्या मिनिटाला शिट्टी झाल्यावर त्याने चेंडू लांब मारला. तो नेमका जिथून प्रतिस्पर्ध्यांना फ्री किक घ्यायची होती तिथे, त्यांच्या खेळाडूच्या पायाशी जाऊन थांबला. रेफरींनी अंगठा दाखवला. त्या खेळाडूनेही.

"आयला, पास बी असा देत न्हाई कदी," कोच म्हणाले.

उत्तरार्धात त्याने एकाचा शर्ट ओढला. तो माणूस पडला. आमच्या माणसाने त्याला हात देऊन उठवलं, पाठीवरची माती झटकली, वर दोन शब्द बोलला. बहुतेक घरची चौकशी केली असावी. रेफरींनी दोघांच्या खांद्यावर हात ठेवले. लग्नातला फोटो काढतात तसं दृश्य. मी घड्याळ बघितलं. ऐंशी मिनिटं.

शेवटी तो रेफरींशी वाद घालायला गेलाच. काय बोलला ऐकू आलं नाही, पण रेफरी हसले. कार्ड मिळालं ते आमच्या गोलकीपरला, गोल किक घ्यायला उशीर केला म्हणून. त्याला कोणी सांगितलंही नव्हतं.

सामना शून्य-शून्य. एक गुण मिळाला याचं कोणालाच काही नव्हतं. बसमध्ये कॅप्टन माझ्या पुढच्या सीटवर येऊन मागे वळून म्हणाला, "मॅडम, मी करून राहिलो होतो न प्रयत्न. ते देऊनच नाही राहिले."

"दिसलं मला."

"आता पुढच्या सामन्यात भेटलं कार्ड तर शेवटचा हुकते."

"माहीत आहे."

मी पुढच्या सामन्याचा कागद काढला. कोण कुठल्या खोलीत, कोणाला किती वाजता उठवायचं. कॅप्टनच्या नावासमोर पेन थांबलं. बावीस वर्षांची सवय. सोमवारी एखादा फिटर ताजातवाना हवा असेल तर त्याला रविवारी सुट्टी द्यायची. त्यासाठी त्याने शनिवारी फोरमनच्या अंगावर धावून जायची गरज नसते.

"कोच," मी हाक मारली. "याला पुढच्या सामन्यात खेळवूच नका."

"आं?"

"कार्ड मिळालं असतं तरी बाहेरच बसणार होता ना? मग तसाच बसू दे. खेळलाच नाही तर कार्ड कुठून मिळेल?"

फिजिओने कानातला इअरफोन काढला. सहायक कोच खिडकीबाहेर बघायला लागले, बाहेर फक्त ट्रक होते.

"हे त्या दिवशी का न्हाई सांगितलासा?" कोच म्हणाले.

"तुम्ही फुटबॉल बोलत होता. मला वाटलं, त्यात काही खोल असेल."

खरं तर मलाही त्या दिवशी सुचलं नव्हतं. ते मी बोलले नाही.

पण कोचचं समाधान होईना. तळातला संघ असला तरी आम्हाला एक गुण हवाच होता. "खेळवत न्हाई, पर बाकावर ठिवतो. अडीनडीला असूंदे."

"बाकावरही कार्ड मिळतं."

"ह्येला? ह्येला मैदानात मिळंना!"



दुसऱ्या सामन्यात आम्ही अर्ध्या तासात एक गोल खाल्ला. बदली खेळाडूंचे कागद माझ्याकडे असतात, म्हणून मी बाकाच्या टोकाला बसते. माझ्या शेजारी कॅप्टन, अंगात पिवळं जाकीट, हात गुडघ्यांवर. साठाव्या मिनिटाला कोच वळून म्हणाले, "काडा त्याचा कागद."

"नाही काढत."

"मॅडम, हरतोय आपन!"

"तुमच्याकडे आणखी दोन फॉरवर्ड बसलेत. बचाव करणारा आत पाठवून गोल कसा होणार?"

हे मी नुसतं शिफ्टच्या तर्काने बोलले होते, पण कोचनी एक फॉरवर्ड आत पाठवला आणि पंचाहत्तराव्या मिनिटाला त्याने गोल केला. कोचनी माझ्याकडे बघितलं नाही. मीही नाही.

मग शेवटची मिनिटं. समोरच्या संघाचा एक जण अगदी आमच्या बाकासमोर, रेषेच्या आत पडला. पायात गोळा आला होता, कळवळत होता. रेफरी दुसऱ्या टोकाला. खेळ चालूच. आणि माझ्या शेजारची जागा एकदम रिकामी झाली.

कॅप्टन निघाला होता. त्या माणसाचा पाय धरून ताणायला. बाकावरचा खेळाडू परवानगीशिवाय आत गेला की पिवळं कार्ड, एवढा नियम दोन मोसमांत मलाही पाठ झाला होता. मी उठले आणि मागून त्याचं जाकीट धरलं. तो नव्वद किलोचा, मी मी. त्याचा पाय रेषेच्या अलीकडे थांबला. माझे दोन्ही पाय पलीकडे. हातातली फाइल आणखी पलीकडे, आणि बदली खेळाडूंचे कागद वाऱ्यावर.

शिट्टी झाली. रेफरी आले. तरुण होते. खाली कागद बघितले, मग मला.

"आप कौन?"

"मॅनेजर."

"मॅनेजर को अंदर आना अलाउड नहीं है, पता है ना?"

"पता है. आपको यहाँ आदमी गिरा है यह पता था क्या?"

हे बोलायची गरज नव्हती. पण पेठेत जन्म गेलेला, जीभ आधी निघते. रेफरींनी खिशात हात घातला आणि शांतपणे पिवळं कार्ड माझ्या डोळ्यांसमोर धरलं.

बाकावरून कोच उभे राहिले. "मॅडम," ते म्हणाले, "पयल्याच प्रयत्नात!"

कॅप्टन कागद गोळा करून देत होता. रेषेच्या अलीकडचे तेवढेच. पलीकडच्यांकडे त्याने बघितलंही नाही. शिकला होता.

सामना एक-एक सुटला. घरी कार्डाचं सांगितलं तेव्हा नवरा म्हणाला, "एकच दिलं?"

शेवटचा सामना आमच्या मैदानावर. आम्हाला बरोबरी पुरेशी होती, त्यांना जिंकायलाच हवं होतं. कॅप्टनची बायको आणि मुलगी आली होती. मुलीने पहिल्या पाचच मिनिटांत मला विचारलं की संपणार कधी. तिच्यासाठी पार्लेची पुडी काढली. मलाही तोच प्रश्न होता.

तो उंट दर दहा मिनिटांनी उडी मारत होता आणि दर दहा मिनिटांनी आमचा माणूस त्याच्याआधी चेंडूला डोकं लावत होता. ऐंशी मिनिटं असंच. बघायला अत्यंत कंटाळवाणा सामना. मला फार आवडला.

शेवटच्या मिनिटाला आम्हाला आमच्याच गोलजवळ फ्री किक मिळाली. कॅप्टनने चेंडू ठेवला. मागे गेला. पुढे आला. चेंडू चार बोटं सरकवला. मागे गेला. मोजा वर ओढला. पुन्हा पुढे आला.

"आता गं," कोच पुटपुटले.

या सामन्याचे रेफरी निराळे होते, त्यांना त्याचा स्वभाव माहीत नव्हता. ते तडक आले आणि त्याला पिवळं कार्ड दाखवलं. कॅप्टन दोन्ही हात जोडून त्यांना काहीतरी म्हणाला. नंतर विचारलं तर कळलं, "थँक यू सर" म्हणाला होता. मग त्याने चेंडू असा मारला की पार प्रेक्षकांत गेला आणि तो परत येईपर्यंत शिट्टी झाली. शून्य-शून्य. टिकलो.

चार दिवसांनी लीगचं पत्र आलं. मोसम संपला की कार्डं पुसली जातात, पण चौथ्या कार्डाची बंदी तशीच राहते. पुढच्या मोसमाचा पहिला सामना कॅप्टनला खेळता येणार नव्हता.

मी त्याला बोलावलं. ड्रॉवरमधलं पत्र काढून सही केली, शिक्का मारला आणि त्याच्या हातात दिलं. त्यामागे लीगच्या पत्राची प्रत टाचली.

"हे कशाला मॅडम?"

"शाळेने विचारलं की पुढच्या वर्षी इथे आहात याला पुरावा काय, तर हे दाखवा."

त्याने दोन्ही कागद नीट वाचले. बंदीचा दोनदा वाचला. मग पहिल्यांदाच आत येऊन खुर्चीवर बसला.

"पहिल्या सामन्याला मी काय करू मग, मॅडम?"

"सुट्टी," मी म्हटलं. "आणि बाकावरही बसायचं नाही."

तो गेल्यावर मी नवा तक्ता भिंतीवर लावला. सगळा कोरा होता. त्याच्या नावासमोर पहिल्या चौकटीत लाल पेन्सिलीने फुली मारली आणि बसवाल्याला फोन लावला. दुरुस्तीला नेलेली बस परत द्यायला त्याला चार तास उशीर झाला होता.