पाहुण्यांसाठी रिकामी केलेली शेड

लेखणी हाती धरण्याचे माझे वय उलटून गेले आहे, आणि तसा अधिकार तर कधीच नव्हता. तरी हे धाडस करतो, त्याबद्दल क्षमा असावी.

सत्तरच्या दशकात मी वाशीमच्या औद्योगिक वसाहतीत निरीक्षक होतो. बाहेरचे उद्योजक गावात आणणे, हे माझे काम. वसाहतीला कमान होती, फक्कीने आखलेले भूखंड होते, आणि चालू शेड एकच होती. तीत करीमभाई लेथवर, म्हणजे लोखंड फिरवून कातणाऱ्या यंत्रावर, विहिरींवरच्या इंजिनांचे सुटे भाग घडवीत.

मुंबईचे एक कारखानदार जागा पाहायला येत असल्याची तार आली. आमच्या कार्यालयाच्या साहेबांनी मला बोलावले.

"शेड रिकामी करून घ्या. स्वागत तिथेच होईल."

"सर, तिथे काम चालू आहे."

"म्हणूनच. पाहुण्यांना काय तेलाचे डाग दाखवायचे?"

नोटीस माझ्या सहीने निघाली. करीमभाईंनी ती दोनदा वाचली.

"साहेब, लेथ म्हंजे बाज नाई, उचलली अन् अंगनात टाकली. हलवली का लेव्हल जाते. गव्हाले पानी द्याचे दिवस हायेत, लोकाइचे इंजन बंद पडून राह्यले. त्याइले काय सांगू?"

"चारच दिवसांचा प्रश्न आहे."

"पाहुने कारखाना पाह्यलेच येऊन राह्यले ना? मंग चालू कारखाना काहून लपवता?"

मी नोटिशीच्या प्रतीवर त्यांची सही घेतली. लेथ खोलून बैलबंडीत भरली गेली. शेडला चुना लागला, सतरंजी अंथरली गेली.

पाहुण्यांनी हार उतरवून एवढेच विचारले, "आमचं मशीन बिघडलं, तर इथे दुरुस्त कोण करतो?"

साहेब अभिमानाने म्हणाले, "सर, वसाहत अगदी कोरी आहे. अजून एकाही कारखान्याचा हात लागलेला नाही."

पाहुण्यांनी चहा संपवला आणि नमस्कार केला. मी हारांचे ताट धरून मागे उभा होतो.

यथावकाश नकाराचे पत्र आले. करीमभाई परतले नाहीत; शेलूबाजारला, रस्त्यालगत टिनाच्या छपराखाली त्यांनी लेथ बसवली. वर्षभरात शेजारी वेल्डिंगवाला आला, मग फवारणीचे पंप जोडणारा एक जण. त्यांच्या स्वागताला कोणी गेले नव्हते. आमच्या अहवालात "प्रसिद्धी कमी पडली" असे कारण नोंदवले गेले, आणि दुसरी कमान मंजूर झाली.

नवा उद्योजक भूखंड नंतर पाहतो. आधीच्या माणसाचे काय झाले, ते आधी पाहतो. मला हे उमगेपर्यंत निवृत्ती आली. त्या दिवशी साहेबांमागे तुम्ही उभे असता, तर करीमभाईंचे नाव घेतले असते का?