वादळी वत्सलेचं पुनरागमन

कुठल्याही ऑफिसात कामापेक्षा किस्सेच जास्त साठतात. आमच्याकडे तर ते ठेवायला जागाही नाही! केबिन रोडवर एका साडीच्या दुकानावर आमची एकच खोली, आणि तिथं आम्ही तिघं मिळून कॉमिक्स काढतो. मिलिंद गोष्टी लिहितो आणि छापतो, प्रज्ञा चित्रं काढते, आणि पात्रांच्या तोंडचे फुगे मी भरतो.

सध्या आम्ही वादळी वत्सलेला परत आणतोय. पूर्वी एका मासिकात मेजर भुजंगची चित्रकथा यायची, त्यातली ही त्याची जोडीदार. दिवसा शाळेतली बाई, संकट आलं की आकाशात! लढायची ती, पण शेवटच्या चौकटीत शाबासकी मात्र मेजरला. आता तिची स्वतःची मालिका, मेजरशिवाय.

अडचण एकच होती. तिला जन्माला घालणारे सबनीसकाका मीरा रोडला राहतात. त्यांनी बजावलं होतं, "आधी अख्खा अंक बघेन, मग हो की नाही ते सांगेन." प्रज्ञानं ह्या पुस्तकापायी जाहिरात कंपनीतली नोकरी सोडलेली. काका नाही म्हणाले असते तर सगळंच मुसळ केरात!

*

जुने अंक चाळताना प्रज्ञाच्या लक्षात आलं, की वत्सलेचे पाय कुठंच दिसत नाहीत. कधी धूर, कधी झुडूप, कधी समुद्राची लाट. मिलिंद हरखून गेला. "अरे, ती जमिनीला स्पर्शच करत नाही! केवढं मोठं प्रतीक आहे!" त्यानं त्यावर लांबलचक प्रस्तावना लिहून काढली.

खात्री करायला काकांना फोन लावला. पलीकडून काका खळखळून हसले.

"अहो, मला पाय जमायचे नाहीत!"

प्रस्तावना रद्द झाली.

*

उडण्याची पोझ कुणीतरी द्यायला हवी होती. प्रज्ञानं मला दोन स्टुलांवर पालथं झोपवलं, पाठीला चादर बांधली आणि हात पुढे करायला लावले. "हलू नकोस, चेहऱ्यावर निर्धार आण!" मी निर्धार आणतोय तोच खालचे दुकानवाले जिग्नेशभाई आमचं कुरिअर द्यायला आत आले. त्यांनी बघितलं, पाकीट ठेवलं आणि निघून गेले.

दुसऱ्या दिवशी जिन्यात त्यांनी मला बाजूला घेतलं. "ये डॉक्टर का नंबर रखो. मेरे साले का भी कमर का यही प्रॉब्लेम था."

*

एकदा किनाऱ्याची चित्रं काढायला आम्ही उत्तनजवळच्या चौक गावात गेलो. मासळी सुकवणाऱ्या एका मावशींना प्रज्ञानं कौतुकानं पानं दाखवली. एका पानावर वत्सला शाळेत जायला बसस्टॉपवर उभी होती. मावशींनी त्या पानावर बोट ठेवलं.

"हिला उडता येतंय ना?"

"हो!"

"मंग बसची वाट बगत कशाला उबी हाय? आमाला येत न्हाय म्हणून आमी उबं ऱ्हातो!"

मिलिंद त्यांना गुप्त ओळख वगैरे समजावत बसला. मावशींना काही ते पटलं नाही. खरं सांगायचं तर आम्हालाही नंतर पटेनासं झालं.

*

माझाही एक पराक्रम आहे. मिलिंदचे संवाद वेळेवर येत नाहीत, म्हणून रिकाम्या फुग्यांत मी त्याच्यासाठी निरोप टाकून ठेवतो. अर्धी पानं काकांना पाठवली, त्यात एक निरोप तसाच राहिला. खाडीतून अक्राळविक्राळ राक्षस वर येतोय आणि गरजतोय, "मिलिंद, इथं काहीतरी भयंकर लिही रे!"

काकांचा फोन आला. "राक्षस बरा आहे, पण मिलिंद कोण?"

*

शेवटी पूर्ण अंक घेऊन प्रज्ञा आणि मी काकांकडे गेलो. काकू मटार सोलत बसल्या होत्या. काकांनी चष्मा पुसला आणि एकेक पान बघत गेले. प्रज्ञा नखं खात होती. शेवटच्या पानावर वत्सला राक्षसाला हरवून वरसाव्याच्या पुलावरून एकटीच दूर उडत जाते. काका तिथं थांबले.

"चित्रं सुंदर आहेत गं. पण मला नाही पटत. ही अशी एकटी कशी जाईल? मेजर हवाच सोबत."

प्रज्ञाचे डोळे भरून आले.

काकूंनी मटारचं ताट बाजूला ठेवलं. आत गेल्या, साडी बदलून, पर्स घेऊन बाहेर आल्या. "सुमनकडे वसईला जाऊन येते."

"आत्ता? थांब, मी शर्ट घालतो."

"कशाला? बसा तुम्ही. तिची पानं बघा."

दार बंद झालं. काका उठून खिडकीशी गेले. आम्हीही मागून डोकावलो. खाली काकूंनी एक रिक्षा सोडली, दुसरी थांबवली, भाड्यावरून चांगली हुज्जत घातली आणि बसून निघून गेल्या. एकदाही त्यांनी वर बघितलं नाही.

रिक्षा वळणाआड गेली तरी काका तिथंच उभे होते. मग खुर्चीत येऊन बसले, ते शेवटचं पान पुन्हा हातात घेतलं आणि प्रज्ञाला विचारलं,

"पुढच्या अंकात कुठं जाणार आहे ही?"