प्रज्ञाचं कासव

चाकूरच्या प्रज्ञा वाघमारेचा बळी गेल्या महिन्यातल्या दुसऱ्या मंगळवारी, दुपारच्या सुट्टीत, लातूरच्या आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये घेतला गेला. फलकावर 'अपघाती निधन' लिहिलंय. मी ते लिहिणार नाही.

मी त्या दिवशी नांदेडला मोर्चात होतो. वर्गातल्या सुनीताचा फोन आला, "प्रज्ञाला शॉक लागला रे..." मी एवढंच विचारलं, "सहा नंबर?" पलीकडून फक्त रडणं.

पहिल्या वर्षाला आम्ही बेरजा-वजाबाक्यांचे प्रोग्राम लिहायचो. प्रज्ञाला नाद वेगळाच. ती मुद्दाम न कळणारे, चिमुकले प्रोग्राम लिहायची. कंस, तारे, अक्षरं अशी मांडायची, की फाईल उघडल्यावर ठिपक्यांची रांगोळीच वाटावी. वाचून शष्प कळायचं नाही. चालवलं की गंमत बाहेर पडायची. माझ्या वाढदिवसाला तिनं भोंग्याच्या आकारात मांडलेला कोड पाठवला. चालवला, तर पडद्यावर आलं, 'लीडर, आज तरी गप बस!'

लॅबमधल्या सहा नंबरच्या मशीनला हात लावला की झिणझिण्या यायच्या. तिनं लॅबच्या सरांना सांगितलं, पुन्हा सांगितलं. "पावसाळ्यात होतंय तसं," सर म्हणाले. मी म्हटलं, पत्रक काढू.

"तुझी पत्रकं भेळवाल्याला उपयोगी पडतेत," ती हसली. "माझं कासव बघ. हर मशीनवर ठेवून येते."

तो कोड कासवाच्या आकाराचा होता. चालवला की पडद्यावरून कासव रांगत जायचं आणि मागं ओळ सोडायचं : 'सहा नंबरला करंट हाय. हात लावू नका.'

सरांनी फाईल उघडली. कळेना. चालवून बघितलीच नाही.

"व्हायरस सोडून राहिलीस का?" भर वर्गात विचारलं.

"सर, एकदा चालवून तर बघा."

"म्हणजे सगळी लॅब बंद पाडायची?"

शिक्षा ठरली. प्रत्येक मशीनवरची फाईल तिनंच दुपारच्या सुट्टीत पुसायची. सुनीता दाराशी उभी होती, तिनं ऐकलं... प्रज्ञा म्हणाली, "सहा नंबर राहू द्या सर." सर म्हणाले, "सगळ्या म्हणजे सगळ्या." आणि कॉम्प्युटर लॅबचा नियम तुम्हाला माहीत असेलच, धूळ नको म्हणून चप्पल बाहेर. फरशी नुकतीच पुसलेली, ओली. प्रज्ञा अनवाणी आत गेली.

परवा चाकूरला गेलो. तिचा जुना लॅपटॉप अजून खिडकीत आहे. तिची आई म्हणाली, "बाबा, तिचं ते कासव दाव की." मी चालवलं. ते रांगत गेलं, ओळ सोडून थांबलं. आईला वाचता येत नाही. "काय म्हणतंय रे?" तिनं विचारलं. मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "मग कुणी ऐकलं का न्हाई?"

तुमचीही पोरं कुठल्या तरी लॅबमध्ये बसतात. उद्याच तिथं जा. दारात चप्पल काढायला सांगतील. काढू नका. आधी अर्थिंग दाखवा म्हणा.