प्रोसेसरला वारा

आमच्या शहरात सदर भागात एक कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आहे. गिऱ्हाइकाला तो 'बसा'ही म्हणत नाही, पण प्रोसेसरशी 'थांब राजा' असं लाडानं बोलतो.

मे महिन्यात त्याच्या दुकानात गेलो, तेव्हा काटोलचे माझे सासरे सोबत होते. सासूबाई वारल्या होत्या, त्यांचे सगळे फोटो आमच्या कॉम्प्युटरमध्ये, आणि तो सुरू झाला की तापून बंद पडायचा. दुरुस्तीवाल्यानं कॉम्प्युटरचा डबा उघडून दुकानातला एकुलता एक पंखा आत रोखला. सासऱ्यांनी तो हळूच स्वतःकडे वळवला. त्यानं परत फिरवला.

"काकाजी, तुम्हाले घाम येते. याले येत नाही."

"एवढं करते काय गा हे?"

"एक हुकूम घेते, समजते, करते, मंग दुसरा घेते. पण इतक्या घाईनं, का तापून जाते बिचारं."

फोटो अर्धे पेनड्राइव्हवर उतरले आणि पंखाच बंद पडला. त्यानं तडक अंगातला शर्ट काढला आणि प्रोसेसरला वारा घालू लागला. तो दमल्यावर सासऱ्यांनी खांद्यावरचा दुपट्टा घेतला.

शेवटचा फोटो उतरला. पडद्यावर सासूबाई हसत होत्या.

"झालं काकाजी, थांबा आता."

"राहू दे गा," सासरे पडद्याकडे बघत दुपट्टा हलवतच म्हणाले, "तिले लय उकडे."

तोही शर्ट घेऊन पुन्हा वारा घालू लागला.